नऊ बोटांची फायनल

सोमा,

तुझी बातमी पेपरात आली. आतल्या पानावर आली, पण फोटोसकट. तोच फोटो, मालदीवचा, तू कप डोक्यावर धरलेला. मी दुकानात कापड बेतत उभा होतो तेव्हा शेजारच्या सलूनवाल्याने पेपर आणून पुढ्यात ठेवला. तू गेल्याचं मला दोन दिवस आधीच कळलं होतं. तुझ्या मातीला मी येऊन गेलो होतो, रडूनही झालं होतं. तरी तो फोटो बघताना मी आधी शोधलं ते स्वतःला. त्या फोटोत मी तुझ्या डाव्या बाजूला तिसरा होतो. पेपरवाल्यांनी फोटो दुसऱ्या माणसापाशीच कापला होता. माझी नुसती बाही आली होती.

मला राग आला. तू जाऊन तीन दिवस झाले होते आणि मी बाहीवरून चिडलो होतो. पेपर घडी करून मी मशीनच्या खणात टाकला आणि पुन्हा कापड बेतायला लागलो. तो काप वाकडा गेला.

तुझं शिक्षण, तुझे क्लब, तुझी आश्रमशाळेतली नोकरी हे सगळं लोकांनी सांगून झालं. शोकसभेत चार जण बोलले, चौघेही चांगले बोलले. मलाही बोलायला उठवत होते. मी घसा बसल्याचं कारण सांगितलं. घसा बसला नव्हता. मला जे बोलायचं होतं ते माईकवरून बोलण्यासारखं नव्हतं, आणि जे माईकवरून बोलण्यासारखं होतं ते माझ्या तोंडून खोटं वाटलं असतं.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते नाशिकच्या शाळांच्या सामन्यात. तुमची आश्रमशाळा पेठहून टेम्पोत उभी राहून आली होती. आम्ही देवळाली कॅम्पची पोरं. कॅम्पात लष्कराची मैदानं, जवानांचे सामने, त्यामुळे आम्हाला वाटायचं फुटबॉल म्हणजे आमच्याच गल्लीतला खेळ. माझे वडील जवानांच्या वर्द्या शिवायचे. त्यांच्या ओळखीतून मला खरेखुरे गोलकीपरचे ग्लोव्हज मिळाले होते. तू अनवाणी होतास आणि हातही उघडे. सामना बरोबरीत सुटला, पेनल्ट्या झाल्या. मी एक अडवली. तू तीन अडवल्यास.

सामना संपल्यावर तू माझ्याकडे आलास. मला वाटलं चिडवायला आलास. तू म्हणालास, "ते बघू दे का?" मी ग्लोव्हज दिले. तू एक हातात चढवलास, बोटं उघडझाप केलीस आणि विचारलंस, "हे घातल्यावर हाताला बॉल कळतो?"

"कळतो की."

"मला नाय कळायचा," म्हणून तू ते परत दिलेस.

पुढच्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या सरांनी तुला देवळालीला आणलं, वसतिगृहात जागा मिळवून दिली, आणि पहिल्याच सामन्याच्या सकाळी मला म्हणाले, "विलास, तुझे ग्लोव्हज जरा सोमाला दे." त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की मी देऊनही टाकले. सामना सुरू झाल्यावर लक्षात आलं की आपण बाकावर बसलोय. तिथून पुढे मी उठलोच नाही म्हटलं तरी चालेल.

घरी तरी तू यायला नको होतास. पण तू आमच्या घरी यायचास, आणि आईला तुझं कौतुक. तू पानात वाढलेलं सगळं संपवायचास आणि स्वतःचं ताट घासायचास, म्हणून मला बोलणी बसायची. वडील कमी बोलणारे. पण त्यांनी तुझ्यासाठी गुडघ्यांना आणि कुल्ल्यांना आतून फोम लावून पँट शिवली, उडी मारल्यावर खरचटू नये म्हणून. मला ती कल्पना इतकी आवडली की मी विचारलं, मला नाही का? वडील म्हणाले, "तू कुठे पडतोस एवढा?" त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, सोमा. पण मी ते आजपर्यंत विसरलो नाही. पँट मला पुढच्या महिन्यात मिळाली. तुझ्यानंतर.

तू वाईट असतास तर किती बरं झालं असतं. तू एकदाही मिरवला नाहीस. माझं चांगलं झालं की तू खूश व्हायचास आणि माझं वाईट झालं की गप्प बसायचास. तुझ्यावर रागवायला मला कधी सरळ कारण मिळालं नाही. वडिलांचं दुकान होतं म्हणून तू मला शेठ म्हणायचास. सगळी टीम शेठ म्हणायला लागली, आणि दोन नंबरच्या गोलकीपरला शेठ म्हणण्यातली गंमत त्यांना कळायची, तुला कळायची नाही.

गोव्याच्या क्लबने आपल्या दोघांना घेतलं तेव्हा आईने पेढे वाटले. मी मनात ठरवलं होतं की तिथे कुणी तुला ओळखत नाही, मला ओळखत नाही, पाटी कोरी आहे. पंधरा दिवसांत कोचनी तुला एक नंबरची जर्सी दिली. मला एकवीस.

दोन नंबरचा गोलकीपर काय करतो, हे ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळत नाही. बाकीच्या जागांवर राखीव खेळाडूला कधीतरी दहा मिनिटं मिळतात. गोलकीपर बदलत नाहीत. सामन्याआधी पाऊण तास मी तुझ्यावर बॉल मारायचो. खाली, वर, डावीकडे, उजवीकडे. तू घामाघूम झालास की शिट्टी व्हायची, मी ट्रॅकसूट चढवायचो आणि नव्वद मिनिटं बसायचो. तुला गरम करून द्यायचं आणि आपण गार व्हायचं. अशी चार वर्षं काढली. मधे तुला ताप आला तेव्हा तीन सामने खेळलो, तिन्ही बरे खेळलो. चौथ्याला तू बरा झालास. त्या दिवशी मी तुझ्यासाठी मोसंबी घेऊन आलो होतो. तू उठून बसलेला दिसल्यावर ती खाली ठेवावीत की परत न्यावीत, असा विचार माझ्या मनात खरंच येऊन गेला.

आणि मग ती स्पर्धा. शेजारच्या देशांतल्या क्लबांची. आपण फायनलला जाऊ असं कुणालाच वाटलं नव्हतं, आपल्या क्लबच्या मालकांनासुद्धा नाही. समोर मालदीवचा क्लब. फायनल दोन सामन्यांची होती, एक गोव्यात आपल्या मैदानावर आणि आठवड्याने दुसरा त्यांच्याकडे मालेला. दोन्हीचे गोल मिळून ज्याचे जास्त, कप त्याचा.

गोव्यातला सामना आपण एक-शून्य जिंकलो. शेवटच्या वीस मिनिटांत त्यांचा उंच स्ट्रायकर एकटाच आत घुसला, तू त्याच्या पायात झेपावलास आणि बॉल छातीशी ओढलास. त्याचा बूट तुझ्या डाव्या हातावर आला. तू उठलास, बॉल लांब मारलास, हात झटकलास. कुणाला काही वाटलं नाही. मी बाकावरून फक्त तुलाच बघत असायचो, म्हणून मला दिसलं की त्यानंतर तू एकही बॉल डाव्या हाताने फेकला नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू खोलीचं दार लावून घेतलंस आणि हात माझ्यासमोर धरलास. करंगळीशेजारचं बोट वांग्यासारखं झालं होतं.

"मोडलंय," मी म्हणालो.

"असेल. शेजारच्या बोटाला बांधून टाक. चिकटपट्टी आणलीय."

"डॉक्टरला दाखव."

"डॉक्टर खेळू नाय देणार." मग तू माझ्याकडे बघून म्हणालास, "शेठ, तुलाच सांगतोय. तू नाय सांगणार कुणाला."

मी बांधलं. दोन बोटं जोडून, मधे कापसाची घडी घालून. तू ओठ दाबून बसला होतास. मला त्या वेळी काय वाटत होतं ते आज लिहितो. मला हिशेब कळत होता. मी कोचच्या खोलीपर्यंत गेलो आणि एक वाक्य बोललो की फायनल मी खेळणार. आणि बोललो की सगळा क्लब म्हणणार, जागेसाठी मित्राची चुगली केली. तीन दिवस मी त्या खोलीसमोरून जात-येत राहिलो. मग मला तिसरा रस्ता सुचला. गप्प राहायचं. सगळ्यांसमोर तुझ्या हातातून बॉल सुटू द्यायचा. मग कोच आपणहून बाकाकडे वळतील, आणि मी चुगलखोरही ठरणार नाही.

तुला वाटलं, आणि पुढे तू जगाला सांगत राहिलास, की विलास मैत्रीसाठी गप्प राहिला. सोमा, मी वाट बघत गप्प राहिलो.

मालेचं मैदान आठवतं तुला? चहूबाजूंनी इमारती, गच्च्यांवर माणसं, आणि हवेला समुद्राचा वास. दुपारी चारचा सामना. त्याआधी ड्रेसिंग रूमच्या मागच्या न्हाणीघरात तू मला नेऊन पुन्हा हात पुढे केलास आणि मी पुन्हा पट्टी बांधली. मग नेहमीसारखा पाऊण तास तुझ्यावर बॉल मारला. डावीकडे जरा जास्तच मारले. तुझ्या लक्षात आलं असेल, तरी तू पुढच्या बॉलला तयार व्हायचास.

सामन्यात तू एकही बॉल झेलला नाहीस. कॉर्नर आला की दोन्ही मुठींनी ठोसा, क्रॉस आला की ठोसा. लोकांना वाटलं ही तुझी नवी पद्धत आहे. समालोचक म्हणे तुझ्या धडाडीचं कौतुक करत होता. मला माहीत होतं तू का झेलत नाहीस. दर ठोशाला तुझा खांदा आक्रसायचा. दर वेळी बॉल तुझ्याकडे निघाला की मी पुढे सरकायचो, आणि दर वेळी तो बाहेर गेला की माझ्या शेजारचे टाळ्या वाजवायचे आणि मीही वाजवायचो.

शेवटची पाच-सहा मिनिटं उरली असताना आपल्या बचावपटूच्या हाताला बॉल लागला. पेनल्टी. आत गेली असती तर दोन्ही सामने मिळून बरोबरी, आणि जादा वेळ. बाकावरचे सगळे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे राहिले. मी मधे होतो. त्यांच्यासारखेच मीही डोळे मिटले. आणि मी वणीच्या देवीला म्हणालो, जाऊ दे आत.

आपलाच संघ, आपलाच कप, आणि मोडक्या बोटाने उभा असलेला तू. मी गोल मागितला.

गोंगाट झाला नाही, त्यावरून कळलं. घरच्या संघाची पेनल्टी आत गेली असती तर गच्च्या कोसळल्या असत्या. मी डोळे उघडले तेव्हा बॉल रेषेबाहेर लोळत होता आणि तू डाव्या कुशीवर पडलेला. नंतर टीव्हीवर पाहिलं, बॉल तुझ्या डाव्या मनगटाला लागून गेला. सामना शून्य-शून्य सुटला. सगळे तुझ्याकडे धावले. मी सगळ्यांत शेवटी पोचलो, आणि तू बाकीच्यांना बाजूला करून मलाच आधी मिठी मारलीस. कानात म्हणालास, "शेठ, तू गप्प राहिलास म्हणून."

मी तुझ्या पाठीवर थापटत राहिलो. 

पुढच्या मोसमात क्लबने मला मोकळं केलं. मी देवळालीला येऊन वडिलांच्या मशीनवर बसलो. वर्द्या आता सगळ्या तयार मिळतात, मी शाळांच्या जर्स्या शिवतो आणि पाठीवर नंबर लावतो. तू आणखी काही वर्षं खेळलास, मग तुझ्याच आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक झालास. नाशिकला तुझा सत्कार झाला तेव्हा तू अट घातलीस की विलासला बोलवा. मी आलो. तू माईक हातात घेतलास आणि म्हणालास, "ही फायनल माझी नाय. विलासशेठची हाय. का ते मी सांगणार नाय, त्याला ठाऊक हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल मिळाली. शाल खांद्यावर घेऊन मी तिथे बसलो होतो आणि मला वाटत होतं, या माणसाने आता माझं तोंड कायमचं बंद केलं.

एकदा बोललास तेवढं पुरे होतं. तू ते वाक्य सोडलंच नाहीस. माझ्या लग्नात बोललास, तुझ्या लग्नात बोललास. वडील गेले तेव्हा घरी येऊन आईजवळ बसून तेच बोललास, आणि आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखाली मी कसा बसलो असेन, याचा विचार कर.

शेवटी ते बाहेर पडलंच. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या शाळेच्या जर्स्या द्यायला मी पेठला आलो होतो. तू मैदान दाखवलंस. डोंगराच्या कुशीत सपाट केलेली लाल जमीन, बांबूचे गोलपोस्ट. तू म्हणालास, "शेठ, रविवारी येत जा. माझ्या पोरींना गोलकीपिंग शिकव. माझ्यापेक्षा तुझी उडी चांगली होती."

"मी काय शिकवणार? बसायला?"

"असं काय बोलतो?"

"खरं बोलतो. आणि ते फायनल विलासची, फायनल विलासची, आता बंद कर. पंधरा वर्षं ऐकतोय. मला तुझी भीक नको."

तू दचकलास. मी तुला कधी असा बोललो नव्हतो. तू खाली बसलास, बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधलीस. म्हणालास, "भीक नाय रे ती."

"मग काय आहे?"

"सांगेन कधीतरी."

मी जर्स्यांचं गाठोडं तिथेच ठेवलं आणि मिळाली ती एसटी पकडली. त्यानंतर तुझे दोन फोन आले. एकदा मी उचलला नाही, एकदा उचलून गिऱ्हाईक असल्याचं सांगितलं. तिसरा फोन तुझ्या मेव्हण्याचा, हिरावहिनींच्या भावाचा आला. छातीत दुखलं, नाशिकला आणत होते, घाट संपायच्या आत तू गेलास.

तुझ्या मातीला अख्खा तालुका लोटला होता. शाळेच्या मुली रांगेने उभ्या, पोलीस पाटील, आमदारांचा माणूस, दोन-तीन जुने खेळाडू. माझ्यासाठी एवढी माणसं येणार नाहीत, हे मला तिथे उभ्या उभ्या सुचलं. मी ते सुचू दिलं. तू समोर होतास, कशाला लपवायचं.

दहाव्याला मी पुन्हा आलो. आपले कोच आले होते. तू त्यांना ओळखलं नसतंस, काठी टेकत चालतात. सावंतवाडीहून गाडी करून, आदल्या दिवशी नाशिकला मुक्काम करून आले होते. विधी झाल्यावर ते तुझ्या पडवीत खुर्चीवर बसले, मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. तू नव्हतास, आणि कुणालातरी सांगितल्याशिवाय मला तिथून उठता आलं नसतं. निम्मं तरी सांगावं म्हणून मी सुरुवात केली.

"सर, एक सांगायचं राहिलंय. त्या फायनलला सोमाचं बोट मोडलेलं होतं. मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मला माहीत होतं."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं मी, विलास. त्यानेच सांगितलं होतं. मालेला निघायच्या आदल्या दिवशी. सकाळी मैदानावर आला, हात दाखवला. म्हणाला, सर, हा हात चालायचा नाय, विलासला खेळवा. चार वर्षं तो तयार बसलाय. ही फायनल त्याची हाय."

"मग?"

"मग काय. मी नाही म्हटलं. फिजिओला गुपचूप दाखवलं. तो म्हणाला, दुखेल, पण उभा राहू शकेल. मी सोमाला म्हटलं, तू नऊ बोटांनी खेळ."

पडवीच्या बाहेर बायका भांडी घासत होत्या. त्यांचा आवाज मला एकदम फार मोठा यायला लागला. मी विचारलं, "का, सर?"

"जाऊ दे आता."

"नाही, सांगा."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "उडी तुझी त्याच्यापेक्षा चांगली होती. पण तुझी नजर बॉलवर नसायची रे. सोमावर असायची. सरावात त्याच्यावर गोल झाला की तुझा चेहरा खुलायचा. मी चार वर्षं बघत होतो. अशा माणसाला मी फायनलला गोलमध्ये कसा उभा करू?"

मी त्यांचा रिकामा कप उचलून उगाच बाजूला ठेवला.

"तो वाद घालत होता माझ्याशी. शेवटी एवढंच म्हणाला, मी तुम्हाला सांगितलं हे विलासला कधी कळू देऊ नका. त्याने झाकून ठेवलंय, त्याला वाटू दे की त्याच्यामुळे झालं. मी शब्द दिला होता. आता तोच नाही, म्हणून सांगितलं."

म्हणजे मालेच्या न्हाणीघरात तू माझ्यासमोर हात धरलास तेव्हा कोचना सगळं ठाऊक होतं. पट्टी फिजिओने बांधली असती. तरी तू माझ्याकडे आलास, दार लावून घेतलंस, कुणी येतंय का ते बघितलंस, आणि दोघांचं गुपित असल्यासारखा हात पुढे केलास. आणि मी बांधली, आणि मग तुझ्या डावीकडे बॉल मारले.

मला खूप वाईट वाटायला हवं होतं ना? तुला खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मला हेवाच वाटला. फायनल तू मला देऊ करून बसला होतास. नकार खाल्लास तो माझ्यासाठी, आणि मला लागू नये म्हणून पंधरा वर्षं झाकलास. मी देवीला गोल मागत होतो त्या आठवड्यात तू हे करत होतास. खेळात तू पुढे होतास ते मी कसंबसं गिळलं होतं. चांगलं वागण्यात तरी मी तुझ्या बरोबरीचा आहे, निदान लोकांच्या तोंडी, असा माझा एक कोपरा होता. तोही तूच मला दिलेला निघाला.

मी उठलो आणि तुझ्या घरामागे जाऊन उभा राहिलो.  मग रडू आलं. मातीला आलं होतं ते वेगळं होतं, त्यात लोक होते.

कोच गेले, पाहुणे पांगले. मी निघायला लागलो तेव्हा हिरावहिनींनी थांबवलं. ओसरीत पाट मांडला होता. मी म्हणालो, भूक नाही. त्या समोर बसल्या.

"भाऊ, तुमचं काय भांडण झालं होतं? त्यांना विचारलं तं नुसतं म्हणायचे, माझीच चूक हाय."

"त्याची नव्हती, वहिनी."

"मग?"

मी त्यांना सांगितलं. सगळं. बोट, पट्टी, खोलीसमोरून मारलेल्या चकरा, पेनल्टी. मी हे बायकोला सांगितलेलं नाही, आईला सांगितलेलं नाही. तुला सांगायचं ते तुझ्या बायकोला सांगितलं, तू नसताना. "तुमचा नवरा मोडक्या बोटाने उभा होता," मी म्हणालो, "आणि मी डोळे मिटून देवीला म्हणत होतो, गोल होऊ दे."

वहिनींनी पदर सावरला. मला वाटलं आता उठतील आणि पाट उचलून नेतील. मी उठायच्या तयारीतच होतो.

त्यांनी विचारलं, "झाला का गोल?"

"नाही."

"मग जेवा," त्या म्हणाल्या, आणि नागलीची भाकरी माझ्या ताटात वाढून उडदाचं वरण आणायला आत गेल्या.

मी जेवलो, सोमा. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.